चार्जचा एकच अर्थ सांगा म्हणतेस, तर ऐक

या आठवड्यात गेवराई तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते:

"बाई, मी बी.कॉम. आहे. दोन वर्षं खत-बियाण्याच्या एका दुकानाचं गोदाम माझ्याकडं होतं, आवक-जावक, चलन, स्टॉक सगळं मीच बघायचे. संभाजीनगरला एका ठिकाणी इंटरव्ह्यू होता आणि अर्ज इंग्रजीत पाहिजे होता. मी आधी 'आय वॉज इन चार्ज ऑफ द गोडाऊन' असं लिहिलं होतं. पण क्लासमध्ये सांगितलेलं की साधे शब्द वापरू नका, इम्प्रेशन पडत नाही, म्हणून मोबाईलवर चार्जचे समानार्थी शब्द काढले आणि 'आय वॉज इन अक्युझेशन ऑफ द गोडाऊन' करून टाकलं. तिथल्या साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, का हो, गोदामात चोरीबिरी झाली होती का, केस चालू आहे का तुमच्यावर. बाकीचे दोघं हसले. मला घाम फुटला, पुढं काही बोलताच आलं नाही. नोट्समध्ये चार्जचे बावीस अर्थ दिलेत, रोज पाठ करते, रोज विसरते. पप्पा पूर्वी गाडीसेंटरला, म्हणजे बैलगाडी घेऊन ऊसतोडीला, जायचे, आता घरीच असतात, ते म्हणतात सोड तो इंग्रजीचा नाद. बाई, चार्जचा एकच पक्का अर्थ सांगा, जो सगळीकडं चालेल."

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या तिघांचा राग आला. दोन वर्षं खताचं गोदाम सांभाळलेल्या मुलीला विचारायच्या गोष्टी किती होत्या, पेरणीच्या तोंडावर डीएपी खताला रांग लागायची तेव्हा हिशोब कसा ठेवायचीस, सोयाबीनच्या बियाण्याची तारीख संपली तर काय करायचीस, हमालाची मोजणी आणि चलनावरचा आकडा जुळला नाही तर कुणाला फोन करायचीस, हे सोडून ते एका शब्दावर हसत बसले. चूक दाखवायची असते, मान्य, पण चूक दाखवायला मोठ्यानं वाचून दाखवावं लागत नाही. मी सव्वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, एकदाही कुणाचं वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून हसले नाही, त्यामुळं हे मी हक्कानं बोलायले.

आता कामाचं. तू म्हणतेस एकच अर्थ सांगा. सांगते, खरंच सांगते, कारण या शब्दाला मुळात एकच अर्थ आहे आणि तो तुझ्या पप्पांना तुझ्यापेक्षा चांगला माहितीये. पण तिथं जायच्या आधी एक गोष्ट बघ, एका शब्दाचे बावीस अर्थ सांभाळणं तुला जमत नाही असं जे तुला वाटायलंय ते खरं नाही, तू रोज सांभाळतेस. सकाळपासून काय काय 'लावतेस' ते मोज. देवापुढं दिवा लावतेस, भाताचा कुकर लावतेस, दाराला कुलूप लावतेस, फोन लावतेस, तोच फोन चार्जिंगला लावतेस, वांग्याची रोपं लावतेस, कपाळाला टिकली लावतेस, धाकट्या भावाला शिस्त लावतेस, कुणी उशिरा आलं की किती वेळ लावला म्हणतेस, आणि दोन घरं सोडून कुणीतरी काड्या लावणारी असतेच. यातलं एक तरी तू पाठ केलंयस का? आता समज एखादा इंग्रज मराठी शिकायला आला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं, लावणे म्हणजे पेटवणे, पेरणे, बंद करणे, चोपडणे, आणि दुसऱ्या दिवशी तो तुला म्हणाला 'मी देवापुढं दिवा पेरला'. त्याच्या वहीत चूक काहीच नाही, सगळे अर्थ बरोबर आहेत. फक्त दिव्याच्या जागी रोपाचा अर्थ पडला. तुझं अक्युझेशन हे अगदी तसंच झालंय. मोबाईलनं तुला खोटं सांगितलं नाही, चार्ज म्हणजे अक्युझेशन होतोच, पण तो पोलीस स्टेशनातला चार्ज, तुझा गोदामातला नाही.

आता तो एक अर्थ. लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे गाडी, चाकाची, जनावरांनी ओढायची, आपल्या बैलगाडीसारखी. त्यावरून 'कारिकारे' असं क्रियापद झालं, म्हणजे गाडी भरणे, गाडीवर ओझं लादणे. ते फ्रेंचमध्ये जाऊन 'शार्जे'सारखं झालं आणि १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन लोक इंग्लंडचे राजे झाले त्यानंतर ते इंग्रजीत शिरलं, तिथं त्याचं चार्ज झालं. कार, कॅरी, कॅरेज, कार्गो हे सगळे याच गाडीच्या घरातले, इतकंच काय तू ज्याच्यामागं लागलीयस ते करिअरसुद्धा, कारण करिअर म्हणजे आधी गाड्या जायचा रस्ता होता. तर चार्ज म्हणजे भरणे, लादणे. ओझं ठेवणे. बस, हा तुझा एक पक्का अर्थ.

पप्पांना विचार गाडी भरणं म्हणजे काय असतं. ऊस तोडून मोळ्या बांधल्या की गाडीत त्या कशाही फेकून चालत नाहीत, मागं जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, पुढं जास्त पडला की सगळं बैलांच्या मानेवर येतं. मी लहानपणी आमच्या वडिलांना कडब्याची गाडी भरताना बघितलंय, ते गाडीच्या पुढं उभे राहून नुसतं जू हातानं थोडं उचलून बघायचे आणि सांगायचे मागच्या चार पेंढ्या पुढं घ्या. वजन किती आहे यापेक्षा ते कुणावर आणि कुठं पडलंय हे ते बघायचे. चार्ज हा शब्द वाचताना तू तेच बघायचंस, ओझं काय आहे आणि ते कुणावर पडलंय.

ओझं कामाचं असलं की तो तुझा गोदामातला चार्ज. नवीन तहसीलदारांनी चार्ज घेतला असं पेपरात येतं, मराठीत आपण पदभार स्वीकारला म्हणतो, बघ, भारच आहे तिथं, कार्यभार, प्रभारी, सगळीकडं भार. हैदराबादच्या उर्दू पेपरात यालाच 'जायजा हासिल केला' म्हणतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी कागद उर्दूत चालायचे, त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'जिम्मा' सहज येतो, 'गोदाम माझ्या जिम्म्यात होतं' असं तू म्हणाली असतीस तर घरात कुणालाही कळलं असतं. इंग्रजीत ज्याचा सांभाळ करायचा त्या लेकरालाही चार्ज म्हणतात, म्हणजे अंगणवाडीतल्या ताईंची सगळी पोरं ही त्यांचे चार्जेस.

ओझं पैशाचं असलं की तो दुकानदाराचा चार्ज. होम डिलिव्हरीचा चार्ज, बँकेचा सर्व्हिस चार्ज. घरचं लाईटबिल काढून बघ, त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असं छापलेलं असतं, हे आकार म्हणजे चार्जच. आणि इथं तुला गंमत वाटेल की आकार म्हणजे शेपसुद्धा आणि आकार म्हणजे लावलेले पैसेसुद्धा, सातबाऱ्यावर आकारणी असते तीही यातलीच, पण लाईटबिल वाचताना तुझ्या मनात विजेचा आकार गोल की चौकोनी असं कधी येतं का? नाही येत. कारण तू शब्द एकटा वाचत नाहीस, बिलावर वाचतेस.

ओझं गुन्ह्याचं असलं की तो पोलिसांचा चार्ज. आपल्या 'आरोप' शब्दाकडं बघ, आरोपणे म्हणजे वर ठेवणे, चढवणे. इंग्रजांनी गुन्ह्याचं ओझं गाडीत भरलं, आपण माणसावर ठेवलं, दोन्हीकडं विचार एकच निघाला. इथं एक बारीक गोष्ट स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांनी पण लक्षात ठेवावी. पोलीस तपास संपवून कोर्टात देतात ती चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली. पण चार्ज फ्रेम होणे ही पुढची पायरी, ती पोलीस करत नाहीत, कोर्ट करतं, त्याला आरोप निश्चित करणे म्हणतात. पेपरात बऱ्याचदा दोन्ही एकच असल्यासारखं छापून येतं. आणि सरकारी नोकराला विभागीय चौकशीत जे मिळतं तेही दोषारोपपत्रच, त्याचा पोलिसांशी संबंध असेलच असं नाही.

मग बॅटरी. हा चार्ज बंदुकीतून आला. बंदुकीत दारू भरायची त्यालाही चार्ज म्हणत, आपणही बंदूक 'भरतो', बार भरतो. १७४५-४६ च्या सुमाराला युरोपात काचेच्या बरणीत वीज साठवायची युक्ती सापडली, लायडन नावाच्या गावावरून तिला लायडन जार म्हणतात, आणि अमेरिकेतला बेंजामिन फ्रँकलिन अशा बरण्यांवर प्रयोग करायचा. बरणीत वीज भरणं म्हणजे बंदुकीत दारू भरल्यासारखंच, म्हणून चार्ज. अशा बऱ्याच बरण्या एकाला एक जोडल्या तेव्हा त्यानं त्यांना बॅटरी म्हटलं, कारण तोफा ओळीनं लावल्या की त्याला बॅटरी म्हणायचे. म्हणजे तुझ्या मोबाईलच्या बॅटरीत आणि चार्जिंगमध्ये तोफा-बंदुका बसल्यात. लाठीचार्जचा चार्जही याच बाजूचा, भाला किंवा संगीन हल्ल्यासाठी रोखून धरणं याला चार्ज म्हणत, रोखली की धावून जायचं, म्हणून पुढं धावून जाण्यालाच चार्ज म्हणायला लागले.

आणि भरलेली गाडी कधीतरी खाली करावी लागते, तो डिस्चार्ज. आपल्याकडं म्हणतात तसं, गाडी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, खाली केली. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला, फोन डिस्चार्ज झाला, जखमेतून डिस्चार्ज येतोय, आणि जायकवाडी भरलं, सत्तावीस दरवाज्यांपैकी काही उघडले की गोदावरीत इतका इतका डिस्चार्ज, मराठी पेपरात त्याला विसर्ग म्हणतात. चार वेगवेगळे अर्थ म्हणून पाठ करायला बसलीस तर चार दिवस जातील, गाडी खाली होतीय एवढं डोळ्यासमोर आणलंस तर पाठ करायला काही उरतच नाही.

आणखी एक सांगते, हे मला स्वतःला फार आवडतं. आपल्या संस्कृतातला 'भार' आणि फारसीतला 'बार' म्हणजे ओझं, हे दोघं सख्खे भाऊ, आणि त्या फारसी 'बार'वरूनच मोंढ्यात रिकाम्या पोत्यांना बारदान म्हणतात. इंग्रजीतला ओझं उचलणे या अर्थाचा 'बेअर' आणि ओझ्याचा 'बर्डन' हेही त्याच घरातले. तुझ्या गोदामात कोपऱ्यात बारदानाची थप्पी असेल ना, ती इंग्रजीची नातेवाईक आहे. तेव्हा हा परक्याचा नाद आहे असं पप्पा म्हणाले तर त्यांना हे सांग.

आता माझ्यावर आलेला चार्ज सांगते, म्हणजे काम, आरोप आणि पैसे हे तीन अर्थ एकमेकांना कसे चिकटलेत ते दिसेल. मी नोकरीला लागले त्या पहिल्या शाळेत दुसऱ्याच महिन्यात माझ्याकडं सामानाच्या खोलीचा चार्ज दिला. आधीचे सर बदली होऊन निघाले होते, त्यांची एसटी होती साडेचारची. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, पुढं ठेवलं, सुतळीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा हातात दिला, त्या जुडग्यात अकरा किल्ल्या होत्या आणि खोलीला कुलपं होती तीन. म्हणाले मोजून घ्या मॅडम. खोलीत एवढी धूळ, एक दांडी तुटलेला पृथ्वीचा गोल, नकाशे गुंडाळून ठेवलेले, त्यांना उंदरं लागलेली. माणूस घाईत आहे, मोठा आहे, त्याच्यासमोर बाकडी मोजत बसणं मला बरं दिसेना, मी सही करून टाकली. वर्षानं तपासणी आली आणि रजिस्टरला चौदा बाकडी असलेल्या जागी नऊ निघाली. मग मला लेखी खुलासा मागितला, आणि शेवटी पाच बाकड्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले, तीन हप्त्यांत. बघ आता, मी चार्ज घेतला, माझ्यावर चार्ज आला, आणि मला चार्ज पडला. इंग्रजीत तिन्ही वाक्यांत एकच शब्द बसतो. खोलीचं ओझं माझ्या खांद्यावर ठेवलं गेलं, तेच ओझं नंतर आरोप झालं आणि तेच पैसे झालं. तेव्हापासून मला हा शब्द कधी अवघड गेला नाही. आणि तूही नवीन नोकरीत कशाचाही चार्ज घेशील तेव्हा मोजून घे, समोरच्याची एसटी गेली तरी चालेल.

बरं, मग तो कोणता चार्ज आहे हे वाक्यात ओळखायचं कसं? शेजारचे बारके शब्द बघायचे. मी तर म्हणेन इंग्रजीत मोठ्या शब्दांपेक्षा हे बारकेच जास्त काम करतात, आणि आपल्याकडं शिकवताना नेमके तेच सोडून देतात. चार्जच्या आधी 'इन' आणि नंतर 'ऑफ' आलं की जबाबदारी. नंतर 'विथ' आलं की बहुतेक वेळा गुन्हा, ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट. नंतर 'फॉर' आलं की बहुतेक वेळा पैसे, दे चार्ज्ड मी फॉर द बॅग. नंतर 'अ‍ॅट' आलं की अंगावर धावून जाणं, द बुल चार्ज्ड अ‍ॅट हिम, पोळ्याच्या दिवशी वाजंत्र्यानं बिथरलेला बैल डोळ्यासमोर आण. आणि एका 'द'नं केवढा फरक पडतो ते बघ. 'शी इज इन चार्ज ऑफ द गर्ल' म्हणजे ती त्या मुलीला सांभाळते. 'शी इज इन द चार्ज ऑफ द गर्ल' म्हणजे ती मुलगी हिला सांभाळते. एक द आला आणि ओझं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. आपल्याकडं 'गोडाऊन इन्चार्ज' असं माणसालाच म्हणतात, ते भारतातल्या इंग्रजीत चालतं, आपल्या कंपन्यांत कुणी काही म्हणणार नाही, पण पूर्ण वाक्य लिहिताना इन चार्ज ऑफ असंच लिही.

आता समानार्थी शब्दांचं. तुझ्या क्लासनं सांगितलं साधे शब्द वापरू नका, हे मला अजिबात पटलेलं नाही आणि हे मी स्पष्ट लिहिते. समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा बसवायचे स्पेअरपार्ट नाहीत. तू 'तोंडचं पाणी पळालं' म्हणतेस, पाणी आणि जल समानार्थी आहेत म्हणून 'तोंडचं जल पळालं' म्हणून बघ. उलट जलसंधारणाला पाणीसंधारण म्हणून बघ. पीटर रॉजे नावाच्या डॉक्टरानं १८५२ मध्ये इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश छापला, थिसॉरस, आज मोबाईलवर तू जे बघतेस ती त्याचीच लेकरं, पण त्यानं शब्द विषयाप्रमाणं गटागटानं ठेवले होते, म्हणजे लिहिताना अडलेल्या माणसाला ओळखीचा शब्द आठवावा म्हणून. अनोळखी शब्द उचलून वाक्यात घालण्यासाठी ते पुस्तक कधीच नव्हतं. आपल्याकडं अमरसिंहानं त्याच्या कितीतरी आधी अमरकोश श्लोकांत बांधला, तो पाठ करणाराही पुढं काव्य वाचायचाच, त्याशिवाय कुठला शब्द कुठं शोभतो हे कळत नाही.

चार्जचे जे शेजारी तुझ्या यादीत आहेत त्यातल्या दोन-तीन जोड्या सांगते, बाकीचे सोडून दे. अक्यूज आणि चार्ज: अक्यूज कुणीही करतं, जावेनं जावेला केलं तरी चालतं, चार्ज पोलीस किंवा अधिकारी करतात, कागदावर. अक्यूजच्या मागं 'ऑफ' येतं, चार्जच्या मागं 'विथ'. मराठीत आपण हा फरक आणखी बारीक करतो, आरोप कसाही असू शकतो, आळ म्हटलं की तो खोटा असल्याचा वास येतो, ठपका वरिष्ठ ठेवतात, आणि बालंट म्हणजे काही केलेलं नसताना एकदम अंगावर येतं ते. चारही एका यादीत बसतील, पण आईवर बालंट आलं आणि आईवर ठपका ठेवला यात किती अंतर आहे ते तुला सांगायला नको.

दुसरी जोडी कॉस्ट आणि चार्ज, इथं एम.ए. झालेले पण चुकतात. माणूस चार्ज करतो, वस्तू कॉस्ट होते. द टेलर चार्ज्ड मी टू हंड्रेड रुपीज, पण द ब्लाऊज कॉस्ट मी टू हंड्रेड. द ब्लाऊज चार्ज्ड मी म्हटलं तर ब्लाऊजनंच पैसे मागितले. मग फी डॉक्टर, वकील, क्लासवाल्यांची, फेअर एसटी-रेल्वेच्या तिकिटाचं, टोल रस्त्याचा, रेंट खोलीचं, फाईन दंडाचा. हे सगळे चार्जच आहेत एका अर्थानं, पण प्रत्येकाचं घर वेगळं. एसटीत कंडक्टरला तू कधी प्रवासाची फी किती विचारतेस का?

फिल, लोड आणि चार्ज यात फार अडकू नको. हंडा फिल होतो, ट्रॅक्टर लोड होतो, बॅटरी चार्ज होते.

बावीस अर्थ पाठ करणं आजपासून बंद कर. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत एकट्या 'रन' या क्रियापदाचे सहाशेच्या वर अर्थ नोंदवलेत, लंडनमधलं कुणी पोरगं ते पाठ करून शाळेत जात नाही. तू एक वही कर, शंभरपानी, आणि त्यात शब्द लिहू नको, वाक्य लिही. वाक्य पण पुस्तकातलं नको, तुझ्या गोदामातलं, गावातलं. आय वॉज इन चार्ज ऑफ टू हंड्रेड बॅग्ज ऑफ युरिया. द शॉपकीपर डिड नॉट चार्ज अस फॉर द ट्रान्सपोर्ट. द फोन वॉज नॉट चार्ज्ड बिकॉज देअर वॉज नो पॉवर. रोज एक शब्द, तीन वाक्यं, याच्यापेक्षा जास्त करायचं नाही. आणि प्रत्येक वाक्याखाली मराठीत तेच वाक्य, तू घरी बोलशील तसं. पुस्तकी मराठी लिहिलंस तर उपयोग नाही, कारण तुला शब्द जिथं चिकटवायचाय ती तुझी रोजची भाषा आहे.

आणि एखादा नवीन समानार्थी शब्द वापरायचा मोह झालाच, तर अर्जात घालायच्या आधी तो शब्द डिक्शनरीत उलटा बघायचा. म्हणजे अक्युझेशन सापडला, की अक्युझेशन उघडून त्याखालची वाक्यं वाचायची. त्यातल्या एकाही वाक्यात तुझं गोदाम बसत नसेल तर शब्द जिथून आणला तिथं ठेवून द्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी हे कुणी तुला सांगितलं असतं तर ती घामाची वेळ आली नसती, आणि हे न सांगता नुसत्या याद्या देणाऱ्यांना मी दोष देते, तुला देत नाही.

अर्जाचं वाक्य आता असं कर: 'आय वॉज इन चार्ज ऑफ द गोडाऊन फॉर टू इयर्स.' तुझं पहिलं वाक्यच बरोबर होतं बघ, तू ते खोडलंस. त्याच्या पुढं काय केलंस ते लिही, चार्ज म्हणजे ओझं, मग गाडीत काय भरलेलं होतं ते दाखव. 'आय रेकॉर्डेड ऑल इनकमिंग अँड आउटगोइंग स्टॉक.' 'आय चेक्ड द एक्सपायरी डेट्स ऑफ सीड्स.' रेकॉर्डेड, चेक्ड, साधे शब्द आहेत, पण वाचणाऱ्याला तू काम करताना दिसतेस. आणि पुढच्या इंटरव्ह्यूला कुणी विचारलं की मागच्या ठिकाणी काय झालं, तर लपवू नको, सांग की मी एक शब्द चुकीचा वापरला होता आणि तो का चुकीचा होता हे आता मला माहितीये, आणि मग अक्यूज-चार्जचा फरक दोन वाक्यांत सांग. इन चार्ज ऑफ आणि चार्ज्ड विथ. एवढं इंग्रजी बोललीस तरी पुरे आहे.

आज संध्याकाळी पप्पांजवळ बस आणि गाडी कशी भरायचे ते नीट विचारून घे, मोळ्या कशा रचायच्या, किती टन घ्यायचे, उलाळ होऊ नये म्हणून काय करायचे. ते सगळं वहीच्या पहिल्या पानावर मराठीतच लिही, त्याच्यावर चार्ज असं नाव टाक, आणि पहिल्या आठवड्याची एकवीस वाक्यं झाली की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.